बिनगार्डाचं मशीन

आम्ही दोघा नवरा-बायकोनी मिळून शेवटचं काय केलं, तर बाजेचे पाय कापले. दुसरं काही नाही. लोक विचारतात, शेवटी काय बोलली, काही सांगून गेली का. अरे, बाजेचे पाय कापत होतो आम्ही. जायचं तिलाच कुठं ठाऊक होतं, तर ती काय सांगून जाणार?

बाज लोखंडी पाइपाची. सांगाडा मी जोडलेला, नवार तिनं विणलेली. तिचे गुडघे गेले होते. बाजेवर बसली की पाय लोंबकळायचे, अन् उठताना जोर द्यायला जमीन सापडायची नाही. कधीपासून मागं लागली होती, "सगळ्या मुकुंदवाडीच्या खिडक्यांना जाळ्या बसवल्या तुमी. माझ्या बाजंचे पाय तेवढे टीचभर कमी करा की." शेवटी त्या दिवशी ऊन उतरल्यावर मी बाज अंगणात उलटी पाडली अन् माझं जुनं चार इंची ग्राइंडर काढलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ग्राइंडर म्हणजे दोन्ही हातांत धरायचं मशीन. पुढं चकती असते, ती गरगर फिरते अन् लोखंड कापते. मला शाळा चौथीपुरती झाली, पण हे मशीन मी उभा जन्म हातात धरलं. खिडक्यांच्या जाळ्या, गेट, जिन्याचे कठडे, हाच आमचा धंदा. घरापुढं पत्र्याचं शेड आहे, तेच दुकान. आता ते मुलगा चालवतो.

दुकान टाकलं तेव्हापासून आमची एक रीत होती. मी मशीन चालवायचो तेव्हा ती दाराजवळ बोर्डाखाली पाटावर बसायची. शेंगा फोडायची, गहू निवडायची, काय असेल ते. चकती बदलायची झाली की मी म्हणायचो, "काढ." ती हात वर करून लाइटीच्या बोर्डातली पिन ओढायची अन् म्हणायची, "काढलं." तिनं काढलं म्हणल्याबिगर मी चकतीला बोट लावत नव्हतो. बटन बंद केलं म्हणजे मशीन मेलं असं नसतं. बटनाला गुडघा लागतो, वायरीत पाय गुततो, गेलेली लाइट परत येते. पिन बाहेर असली तरच मशीन मेलं. गल्लीतली पोरं हसायची. "चला, म्हाताऱ्याची मंगलाष्टकं लागली," म्हणायची. ती बसल्या जागेवरून म्हणायची, "हसा मेल्यांनो. तुमच्या बायकांनी बोटं येचल्यावर रडा."

त्या दिवशीही तशीच बसली होती. मी मशीन उचललं तसं म्हणाली, "चष्मा?"

"घातलाय."

"टाळूवर घातलाय. डोळे टाळूवर हायेत का तुमचे?"

मी चष्मा खाली ओढला. त्या चष्म्याचं रबर कधीच तुटलं होतं. तिनं तिथं जुन्या परकराचं इलॅस्टिक शिवलं होतं, जांभळ्या रंगाचं. ते घालून मी अर्ध्या गावात गेट बसवले अन् कुणी हसलं तर हसू दिलं.

उशाकडचे दोन पाय कापून झाले. उजेड कमी झाला तशी ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या आता. खूण दिसंना तुमाला, उगं तिरकं कापाल." मी थांबलो. चकती फिरायची पुरती थांबेपर्यंत मशीन हातात धरून उभा राहिलो, मग खाली ठेवलं. ती भुगा झाडत होती. झाडता झाडता म्हणाली, "त्याच्या मशीनला गार्ड बसवा. सांगू नका, बसवा. तुमच्या हातानं. सांगून तो ऐकायचा नाय."

त्याच्या म्हणजे मुलाच्या.

मी म्हणलं, "उद्या. बाजंचे दोन पाय अन् त्याचं गार्ड."

"उद्या नळ हाय. आधी पाणी."

बाज उशाकडं उतरती झालेली, तिच्यावर झोपता येईना. म्हणून ती खाली सतरंजीवर झोपली. सकाळी नळ आला. सगळी गल्ली हंडे आपटत उठली. ती उठली नाही.

मला त्यातलं पुढचं लिहायचं नाही. डॉक्टर म्हणाला हृदय, झोपेत, त्रास झाला नसणार. त्याला काय माहीत.

गार्ड म्हणजे काय तेही सांगतो. चकतीवर अर्ध्या भाकरीसारखं एक लोखंडी कवच असतं. चकती म्हणजे दगडाची चुरी अन् डिंक, दुसरं काय. ती कधीतरी तडकते. गार्ड असलं तर तुकडे गार्डावर आपटतात. नसलं तर तोंडावर. एवढं साधं आहे. पण आमच्या लाइनीत गार्ड ठेवणं म्हणजे बायकी काम. नवं मशीन आणलं की पहिलं काम गार्ड काढायचं अन् भंगारवाल्याला द्यायचं. का, तर चार इंची मशीनवर पाच इंची चकती बसली पाहिजे, ती जास्त खोल कापते. गार्ड असलं तर पाच इंची बसत नाही. बरं, बारकं मशीन मोठ्या मशीनपेक्षा जोरात फिरतं, मोठ्या चकतीला तो वेग सोसत नाही. चकतीवर छापलेलं असतं. वाचतंय कोण?

मला ह्या सगळ्याची किळस येते. आजची नाही, जुनी आहे. आमच्या गल्लीत ज्याचा त्याचा एक व्रण आहे अन् प्रत्येक जण तो लग्नाच्या अल्बमसारखा दाखवतो. एक जण शर्ट वर करून पोट दाखवतो. एकाचा एक डोळा गेला, अन् तो उरलेल्या डोळ्यावर चष्मा न लावता परत घासायला बसतो. म्हणतो, आता सवय झाली. कशाची सवय झाली रे, आंधळा व्हायची? शेंद्र्याकडच्या एका शेडात एकाच्या अंगठ्याचं टोक लोखंडाच्या भुग्यात सापडलं, तर सोबतच्यांनी ते आधी फोनमध्ये फोटो काढून फिरवलं अन् मग दवाखान्याची गाडी बघितली. तो फोटो माझ्या मुलानं जेवताना मला दाखवला. हिनं त्याच्या हातातला फोन घेतला अन् कणकेच्या परातीत उलटा ठेवला. त्या दिवसापासून ती त्याच्या गार्डाच्या मागं लागली होती. तिला एकच धसका होता, पोराचा डोळा. ती गेली अन् तो धसका माझ्याकडं आला.

मग माणसं यायला लागली. भेटायला येतात ती. येऊन बसतात, चहा पितात, पुडी फाडून तोंडात टाकतात अन् म्हणतात, "सुटली बिचारी." कशातून सुटली? माझ्यातून? एक जण तर शेडाच्या कोपऱ्यात लाल पिचकारी मारून आला अन् मला मिठी मारायला लागला. मी त्याला ढकललं. मुलगा म्हणाला, अण्णा, असं नका करू, दुःखात आहेत ते. तो कुठला दुःखात? तो गुटख्यात होता.

राख पैठणला सोडली, गोदावरीत. तिचं माहेर तिकडचंच, धरणाच्या अलीकडचं. आमच्या शहराला पाणी त्याच धरणातून येतं अन् किती दिवसांनी येईल ते कुणी सांगू शकत नाही. ती म्हणायची, "मी पैठणाहून एका दुपारी आले, पाणी अजून वाटंवरच हाय." घाटावर मला ते आठवलं अन् हसू आलं. आक्कानं पाहिलं. आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, चितेगावला दिलेली. सगळे विधी तिच्याच हुकमानं चालले होते. ती कपाळाला हात लावून म्हणाली, "येडा झाला का रं तू? बायकूची राख सोडताना दात काढतो?"

घरी आलो तर मुलानं शेड उघडलं होतं. एका लग्नघराचं गेट द्यायचं होतं, ते थांबायला तयार नव्हते. आत हिच्या जागेवर दिवा, बाहेर ठिणग्या. मी धंद्याला नाही म्हणत नाही, पोट कुणाला सुटलंय. पण मशीन बघितलं. उघडं. पाच इंची चकती नागडी फिरती, अन् साहेबांचा चष्मा टाळूवर.

"गार्ड बसव," मी म्हणलं.

"अण्णा, गार्ड लावलं की कोपऱ्यात मशीन जात नाही."

"मग कोपरा हॅक्सॉच्या करवतीनं काप."

"अन् गेट काय त्यांच्या पोराच्या बारशाला देऊ?"

"तुझ्या आईनं सांगितलंय."

त्यानं कपाळाचा घाम पुसला. मग म्हणाला, "आईचं नाव घेऊन नका ना बोलू, अण्णा. टेन्शन नका घेऊ तुम्ही. आत बसा." अन् बटन दाबलं. माझा आवाज त्या आवाजात गेला.

तेराव्याच्या आदल्या दिवशी घर धुवायचं असतं. सुतक काढायचं. आक्का पदर खोचून उठली. फरशा धुतल्या, भिंती पुसल्या, अंथरुणं उन्हात. मग तिनं तांब्यात गोमूत्र घेतलं, आंब्याचा डहाळा घेतला अन् घरभर शिंपडत सुटली. देवावर, तांदळाच्या डब्यावर, टीव्हीवर, माझ्यावर. ते ओठावर आलं माझ्या. थुंकलो तर म्हणे पाप लागतं. शिंपडत शिंपडत ती शेडात गेली. मी मागं गेलो. तिनं मशीनवर शिंपडलं, मग फळीवरच्या चकत्यांच्या चळतीवर डहाळा झटकला. तेवढ्यानं समाधान होईना म्हणून उरलेला तांब्या चळतीवर उपडा केला.

"आक्का! चकत्यांवर नको!"

"का? त्यांला सुतक नसतं व्हय?"

"आगं, चकतीला पाणी लागलं की ती सडती. डिंक सुटतो. मग फुटती."

"गोमूत्रानं काय फुटंल रं? गोमूत्रानं आजार बरे हुतात."

"ती काय आजारी हाय का? दगड हाय तो!"

"तू गप. तुला काय शास्तर कळतंय!"

मी चळत उचलून उन्हात मांडत होतो, तेवढ्यात आक्काचं लक्ष बाजेकडं गेलं. बाज अंगणातच होती, भिंतीला उभी. दोन पाय आखूड, दोन लांब. आक्का म्हणाली ही कसली अभद्र वस्तू ठेवली दारात. मेलेल्या माणसाचं अंथरूण-पांघरूण, बाज, सगळं तेराव्याला दान द्यायचं असतं. पण अशी लंगडी बाज दान दिली तर वर तिला लंगडीच बाज मिळेल.

"मला नाही द्यायची ती," मी म्हणलं.

"तुला नाय द्यायची म्हंजी? झोपणाऱ्याचं नाव हाय तिच्यावर."

"तिच्यावर ती झोपलीबी नाही. खाली झोपली होती."

मला कुणी विचारलं नाही. आक्कानं मुलाला हाक मारली. "बाळा, दोन पाय तेवढे काप रं. उद्या सरळ बाज दिली पाहिजे तुझ्या आईची." आईची म्हणल्यावर तो उठला. चांगलं पोरगं आहे ते, वाईट नाही. पण कसा उठला बघा. कमरेला लुंगी, गळ्यात टॉवेल, पायात स्लीपर. मशीन तेच उघडं. अन् जाता जाता उन्हातली एक चकती उचलली, वरची, सगळ्यात ओली. तिच्यावरचा कागद फुगलेला मला लांबून दिसत होता.

"ती वली हाय," मी म्हणलं.

"वाळलीय, अण्णा."

"वास घे तिचा. गाईच्या गोठ्यागत वास येतोय. वाळली कुठं?"

भेटायला येऊन बसलेले दोघं-तिघं खो खो हसले. त्यानं पिन न काढता चकती बदलली. पाना फिरवताना त्याचं मनगट बटनाच्या शेजारी होतं. मी तेच बघत होतो. आक्काच्या पोरानं, माझ्या भाच्यानं, फोन काढला होता. ठिणग्यांचा व्हिडिओ घेणार, खाली गाणं लावणार. मामीच्या बाजेचा व्हिडिओ. ह्याला काय म्हणावं ते मला मराठीत येत नाही.

सुनेनं बाज पलीकडून धरली होती. ती ड्रमाला टेकून उभी होती. आमच्याकडं सगळ्यांकडं असतात तसे दोन निळे ड्रम, पाण्याचे, सकाळीच नळ येऊन गेल्यानं काठोकाठ भरलेले. मी बघितलं, चकती अन् सून एका रेषेत. चकती जिकडं तोंड करून फिरती तिकडं माणसानं उभं राहायचं नसतं. हे पोराच्या आईला न शिकवता कळायचं, ती कायम बाजूला बसायची.

"सूनबाई, बाजूला हो तिथून!"

"धरलीय ना, मामा, हलती ती."

"हलू दे! बाजूला हो म्हणतो ना!"

इतक्या मोठ्यानं ओरडलो की ती दचकून बाज सोडून मोरीकडं सरकली. सोडल्यानं बाज कलली. पाय तिरका झाला अन् कापलेल्या फटीत चकती चेपली. चांगली चकतीसुद्धा तिथं फुटते. ही तर भिजलेली, वर पाच इंची. फाट्कन आवाज आला, बंदुकीसारखा. मशीन त्याच्या हातातून उसळलं, लुंगीत घुसलं, लुंगी गुंडाळली तसं घरघरत बंद पडलं.

अन् ड्रमातून पाण्याची धार सुटली.

सून जिथं उभी होती तिथंच. तिच्या पोटाच्या उंचीवर.

पुढं जे झालं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. सगळं अंगण उठलं. "पाणी! पाणी! अरे पाणी चाललं!" कुणी पातेलं आणलं, कुणी बादली, आक्कानं तर गोमूत्राचाच तांब्या लावला धारेखाली. शेजारीण भिंतीवरून हंडा देत म्हणाली, "भोकात बोट घाला की कुणीतरी!" एकानं घातलं. पुडी खाऊन लाल झालेलं बोट, आमच्या प्यायच्या पाण्यात. भाचा व्हिडिओ घेतच होता. माझ्या मुलाकडं कुणी बघितलं नाही.

तो उभा होता. फाटक्या लुंगीत, हातात मशीन. उजव्या डोळ्याखाली, अगदी खाली, पापणीच्या काठाशी, चीर पडली होती अन् रक्त गालावरून उतरत होतं. मी त्याची हनुवटी धरून तोंड उजेडाकडं केलं.

"डोळा उघड."

"काही नाही झालं, अण्णा."

"उघड म्हणतो."

उघडला. बुबुळ शाबूत होतं. "माझी किती बोटं?" मी विचारलं. तो म्हणाला, "अण्णा, तुम्ही मूठ धरलीय." खरंच धरली होती.

मग कोण तरी म्हणालं, "आईनं वाचवलं. वरून बघत होती माउली." झालं. सगळ्यांनी हात जोडले. बोट ड्रमात, हात जोडलेले. मला शिसारी आली. मी म्हणलं, "आईनं नाही वाचवलं. मी ओरडलो म्हणून सून वाचली. अन् ह्याला कुणीच वाचवलं नाही, टीचभर चुकलं. आई जित्ती असताना सांगत होती ते कुणी ऐकलं नाही अन् आता माउली."

आक्का म्हणाली, "दुःखानं डोकं फिरलंय त्याचं. साखर-पाणी द्या."

मुलानं ड्रमाच्या भोकात बोल्ट अन् रबराची वायसर बसवली, घट्ट केली. सफाईनं केलं, हात चांगला आहे त्याचा. मग गालावर हळद लावली अन् म्हणाला, "राहिलेले पाय उरकून टाकू का? उद्या द्यायची आहे ना बाज."

अन् उन्हातली दुसरी चकती घेतली.

मी त्याच्या हातातून चकती काढून घेतली. बोललो असतो तर शिव्याच आल्या असत्या, अन् घरात अजून तिचा दिवा होता. तो म्हणाला, बरं, सकाळी बघू. मशीन तिथंच टाकून आत गेला.

सकाळी, तेराव्याचा स्वयंपाक लागायच्या आत, मी शेडात गेलो. माझं जुनं मशीन काढलं. तिनं दर खंडेनवमीला ह्या मशीनला कुंकू लावलं, पण चकतीला नाही, गार्डाला. "त्याच्यामुळं तुमी घरी येता," म्हणायची. कुंकवाचा डाग गार्डावर होताच, ग्रीस लागून काळा झालेला. मुलाचं मशीन त्याच कंपनीचं, चार इंचीच. त्याचं गार्ड भंगारात गेलं होतं. माझं त्याला बसणार होतं.

माझं गार्ड सोडवलं. त्याचं मशीन मांडीवर घेतलं अन् सवयीनं म्हणलं, "काढ."

कुणी काही म्हणलं नाही.

मी चकतीला हात लावला नाही. किती वर्षांची सवय, हात पुढं गेलाच नाही. वाट बघितली. मग उठून बोर्डाकडं गेलो. पिन लावलेली होती. बोर्डावरचं बटनसुद्धा चालू. कालपासून तसंच. रात्रभर हे जनावर जागं ठेवून सगळे झोपले होते.

पिन मी ओढली. मग गार्ड बसवलं, पट्टा आवळला, हलवून बघितलं. माझ्या मशीनची वायर बुडातून कापून टाकली, म्हणजे बिनगार्डाचं ते कुणी चालवायला नको. अन् मग हातोडा घेऊन भिजलेल्या सगळ्या चकत्या फरशीवर फोडल्या. एक एक. आवाजानं घर उठलं. आक्का दारातून ओरडली, "सकाळी सकाळी काय फोडतो रं, तेरावा हाय!"

"सुतक फोडतो," मी म्हणलं.

मुलगा आला. गाल सुजला होता, डोळा अर्धा मिटलेला. आधी फुटलेल्या चकत्या बघितल्या, मग मशीन उचललं. गार्डावरचा डाग बघितला. अंगठा फिरवला त्याच्यावर.

"हे तुमचं आहे."

"होतं."

"पाच इंची बसणार नाही आता."

"म्हणूनच बसवलं."

तो हसला, मग गाल दुखला म्हणून थांबला. कपाटातून चार इंची नवी चकती काढली, कोरडी, पुड्यातली. मी बाज उलटी केली, अडकून चेपायला नको म्हणून पायाखाली दोन्हीकडं लाकडाचे ठोकळे दिले. मग दाराजवळ गेलो अन् बोर्डाखाली तिच्या पाटावर बसलो. माझे गुडघे काही तिच्यापेक्षा चांगले नाहीत. पिनेवर हात ठेवला.

"आता तू काढ म्हण," मी म्हणलं. "मी काढलं म्हणल्याबिगर चकतीला हात लावायचा नाय."

"तुम्ही अन् आई म्हणायचात तसं?"

"तसंच. हसू नको."

"मी कुठं हसतोय?"

तो खाली बघत म्हणाला, हळू, "काढ."

"ऐकू नाय आलं."

"काढ!"

"काढलं."

त्यानं चकती बसवली. मी पिन लावली. त्यानं मशीन बाजूला धरून चकती थोडा वेळ मोकळी फिरू दिली, मी न सांगता. चष्मा टाळूवर होता. मी बघत बसलो. त्यानं माझ्याकडं बघितलं अन् खाली ओढला. माझाच होता, जांभळ्या इलॅस्टिकचा. त्यानं कधी उचलला मला कळलं नाही.

उरलेला एक पाय अन् कालचा अर्धवट तिरका कापलेला, दोन्ही कापले. कालच्या तिरक्यामुळं माप चुकलंच. बाज सरळ केली तर एका पायावर डुगडुगत होती. आक्का म्हणाली, "अशी कशी द्यायची दानाला?" मी म्हणलं, "द्यायचीच नाही, म्हणून चालतंय. दुसरं काही द्या. दुसरं लई सामान हाय घरात." ती बडबडत चुलीकडं गेली.

मुलानं मशीन हातात धरून चकती थांबायची वाट बघितली. मग खाली ठेवलं. तो काही म्हणाला नाही, पण मी पिन ओढली अन् मोठ्यानं म्हणलं, "काढलं."